भाऊंच्या डिझेल गाडीची काजळी

मित्रांनो, मी एक डिझेल गाडी आहे. स्वतःला जुनी म्हणवून घेताना मला लाज वाटते, कारण माझ्या वयाच्या गाड्या अजून सकाळी नाशिकला जातात आणि संध्याकाळी हसत घरी येतात. पण परवापर्यंत चढ आला की मला दम लागायचा आणि मधूनच खोकला यायचा. अशा गाडीला वयाचा दाखला कोण विचारतो? भिवंडीजवळच्या कोन गावात एका तीन मजली घराच्या जिन्याखाली माझी जागा आहे. पुढे लोखंडी फाटक, मागे भिंत, एका बाजूला पाण्याची टाकी. दोन्ही आरसे मिटल्याशिवाय मला आत शिरता येत नाही. अशी कोंडून उभी असले की मला बोलायला भरपूर वेळ असतो, म्हणून सांगते.

कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केले, तेव्हा माझा आवाज ऐकून तिथला एक माणूस म्हणाला होता, "ही लांब पल्ल्याची आहे." ते मी फारच मनावर घेतले. सात माणसे, त्यांच्या पिशव्या, टपावर एखादी ट्रंक आणि समोर लांबलचक घाट, अशी स्वप्ने पाहत मी शोरूममध्ये उभी राहिले. तिथे एक दिवस भाऊ आले.

भाऊ हे कोनचे आगरी गृहस्थ. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता दुसऱ्यांच्या मालाची गोदामे उभी आहेत आणि ती त्यांचा मुलगा मनोज सांभाळतो. पण उमेदीची सगळी वर्षे भाऊंनी टेम्पो चालवला. भिवंडीच्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागांवरून, कापडाचे तागे भरायचे, सुरतेला उतरवायचे आणि तसेच मागे फिरायचे. टेम्पो कधीच विकला, तरी भाऊंच्या बोलण्यात तो अजून धावतच होता.

शोरूममधल्या मुलीने विचारले, "काका, तुमचं रोजचं रनिंग किती?"

"आमचं काय विचारतेस बाय! भिवंडी-सुरत, सुरत-भिवंडी. रात न्हाय का दिवस न्हाय."

तिने प्रश्न गाडीबद्दल विचारला होता आणि उत्तर टेम्पोबद्दल मिळाले. मनोज मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सीटच्या कापडाचा पोत बघत होत्या. फक्त सून मृणाली हळूच म्हणाली, "भाऊ, आपली गाडी दिशाच्या शाळेपर्यंत आणि बाजारापर्यंत जाणार. मग डिझेल कशाला?"

"डिझेल म्हंजे डिझेल. पेट्रोलची गाडी म्हंजे पोरांचं खेळणं," भाऊ म्हणाले आणि माझ्या बॉनेटवर त्यांनी असा हात ठेवला की मी त्या क्षणी त्यांची झाले. खरे सांगते, तेव्हा मला मृणालीचा रागच आला होता.

घरात नवी गाडी आली की आधी ती वज्रेश्वरीच्या देवीपुढे न्यायची आणि मगच घरच्या कामाला लावायची, ही भाऊंच्या घरची रीत. माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि आम्ही पहाटेच निघालो. भिवंडी मागे पडली, वाड्याचा रस्ता लागला, अंबाडी आली. मी काय धावले म्हणून सांगू! खड्डे होते, डंपर होते, पण मध्ये मध्ये रस्ता असा मोकळा मिळाला की माझा श्वास आतपर्यंत स्वच्छ झाला. मला वाटले, हेच माझे आयुष्य.

मित्रांनो, दुसऱ्या दिवसापासून माझे आयुष्य म्हणजे कोन नाका झाले. सकाळी मनोज-मृणालीच्या लेकीला, दिशाला, शाळेत सोडायचे. शाळा इतकी जवळ की माझे अंग गरम व्हायच्या आत ती यायची. मग पार्वतीबाईंना भाजी, मग भाऊंना कल्याण रोडवरच्या मित्राकडे चहा. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला रिक्षा आणि मी मध्ये उभी. नुसती घरघर करायची, हातभर सरकायचे आणि पुन्हा थांबायचे. दसऱ्याला वज्रेश्वरी झाली की वर्षभर माझ्या नशिबी लांबचा रस्ता नव्हता.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. डिझेल जळले की काजळी होते. ती हवेत गेली तर दिशासारख्या मुलांच्या छातीत जाते. म्हणून आमच्यासारख्या नव्या पद्धतीच्या गाड्यांच्या पोटाखाली एक जाळी असते. ती काजळी धरून ठेवते, आणि जाळी भरत आली की आम्ही ती काजळी आतल्या आत जाळून टाकतो. पण त्यासाठी आम्हाला चांगले तापावे लागते आणि न थांबता बराच वेळ एका वेगाने धावावे लागते. भाऊंच्या टेम्पोला असली जाळी नव्हती. तो आपला काळा धूर मागच्याच्या तोंडावर सोडून मोकळा व्हायचा.

नाक्यावरच्या त्या गर्दीत माझी जाळी भरू लागली. कसाबसा थोडा वेग मिळाला की मी काजळी जाळायला घ्यायचे. पंखा मोठ्याने फिरायचा, आवाज चढायचा, करपल्यासारखा वास यायचा. भाऊंचे कान लगेच टवकारायचे. तापलेला टेम्पो आधी बंद करायचा, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. ते मला बाजूला घ्यायचे, किल्ली फिरवायचे, बॉनेट उघडायचे आणि खांद्यावरच्या नॅपकिनने वारा घालायचे. "दम खा बाय, दम खा," असे म्हणायचे. माझे काम अर्धवट राहायचे आणि काजळी आतच बसायची. असे एकदा नाही, दर वेळी व्हायचे. इतकी माया करणारा मालक मिळायला भाग्य लागते हे मला कळत होते, आणि त्या मायेनेच माझा जीव घुसमटत होता. सांगणार कोणाला? मला तोंड नव्हते, एक पिवळा दिवा होता. तो मी लावायचे. भाऊ त्याच्यावर देवीचा फोटो चिकटवून मोकळे झाले.

कल्याण रोडवरचे ते मित्र म्हणजे गुलाम हुसेन. लूमचे मालक. भाऊंचा टेम्पो आयुष्यभर त्यांचेच तागे वाहत आला. त्यांच्या दारात उभ्या उभ्या मी दोघांचे बोलणे ऐकायचे.

"भाऊ, गाडी खोकते तुझी," एकदा ते म्हणाले.

"तुझी पण डिझेलच हाय ना? ती बरी खोकत न्हाय."

"माझी दर जुम्म्याला नमाज झाली की उज्माकडे महाडला जाते. लेक आहे, बोलावते, आपण जातो. तुझी कुठं जाते? भेंडी आणायला!" गुलाम हुसेन हसले. "डिझेल खराब नाही यार. तुझा रस्ता छोटा आहे. घरच्या गाडीला पेट्रोल बस झालं असतं."

"तू लूम बघ. गाडीतलं मना नको शिकवू."

चहा अर्धा टाकून भाऊ उठले. घरी येताना मला मृणालीचे शोरूममधले वाक्य आठवत होते. ती माझी बाजू मांडत होती आणि मी तिच्यावर रुसले होते.

मृणालीबद्दल आता सांगते. शहापूरच्या माहेरी ती विज्ञान शिकवायची आणि वडिलांची जीप स्वतः चालवत शाळेत जायची. लग्नानंतर ते सुटले. भरल्या घरात तिला एकटीला फोनवर बोलायलाही जागा नव्हती. म्हणून दुपारी ती जिन्याखाली येऊन माझ्यात बसायची, ड्रायव्हरच्या सीटवर, काचा वर करून. हात स्टिअरिंगवर आणि समोर बंद फाटक. तिथेच मला कळले की अंबाडीच्या एका शाळेने तिला विज्ञान शिकवायला बोलावले आहे.

"हो सर, सोमवारपासून येईन की नाही ते नक्की कळवते," ती म्हणाली. "नाही, दुसरं कुणी घेऊ नका. प्लीज." फोन ठेवल्यावर तिने कपाळ स्टिअरिंगला टेकवले आणि रडली. हॉर्न वाजू नये म्हणून मला फार जपावे लागले.

घरात विचारून झाले होते. "वाड्याचा रस्ता?" भाऊ म्हणाले होते. "बाय, डंपर बघितलेस का तिथलं? मी उभी हयात रस्त्यावर काढलीय. काय काय बघितलंय ते तुना सांगणार न्हाय."

"मग बसने जाते."

"दोन-दोन बस बदलून, लटकत? तुना हितं काय कमी हाय का?"

त्यात राग नव्हता. माझ्यावर नॅपकिनने वारा घालताना असायचा तोच त्यांचा आवाज होता. म्हणूनच तिला भांडताही आले नाही.

त्याच आठवड्यात माझे बळ संपले. भाऊ दिशाला घेऊन भिवंडीला निघाले होते. रांजणोलीच्या पुलावर अर्ध्या चढात जाळी इतकी भरली की मी पाय ओढू लागले. भाऊ पेडल दाबत होते आणि माझ्यात काही उरले नव्हते. मागून ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न देत होते. एकाने बाजूने जाताना ओरडून विचारले, "चाचा, चलाना आता है क्या?" आयुष्यभर सुरत गाठलेला माणूस! भाऊंनी एका हाताने दिशाचा कान झाकला, पण लाल त्यांचेच कान झाले होते.

मला ओढून सर्व्हिस सेंटरला नेले. दुसऱ्या दिवशी मला घ्यायला मनोज, मृणाली आणि भाऊ आले, तेव्हा तिथल्या बाईंनी सरळ सांगितले, "या वेळी आम्ही जाळी जमेल तेवढी साफ करून दिलीय, उरलेली काजळी हिची हिलाच जाळायची आहे. पण हिला सतत लांबचा मोकळा रस्ता पाहिजे. साफसफाई सुरू झाली की मध्येच बंद करायची नाही. ते जमत नसेल तर ही विका आणि पेट्रोलची घ्या. नाहीतर गाडी अशीच मरेल."

घरी ओट्यावर सगळे बसले. फाटकाच्या आतून मी ऐकत होते. जीव मुठीत धरून ऐकत होते.

"विकणार न्हाय," भाऊ म्हणाले.

"मग चालवणार कोण?" मनोजने विचारले. "मला गोदामातून उसंत नाही. तुम्हाला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लांबचं बंद केलंय."

मृणाली आतून पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "अंबाडी. रोज जाणं-येणं. मी चालवते."

पार्वतीबाईंनी भाऊंकडे पाहिले. भाऊ माझ्याकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "सोमवारी मी बाजूला बसणार. मना पटलं न्हाय तर तिथूनच परत."

सोमवारी सकाळी मृणालीने माझे आरसे उघडले. भाऊ बाजूला बसले, एक हात डॅशबोर्डवर, जणू मी पळून जाणार होते. भिवंडीतल्या गर्दीत मी अंग चोरून चालले. नदीनाका मागे पडला. डंपर आले, गेले. मृणाली घाईत नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. पुढे रस्ता मोकळा झाला, वेग धरला आणि माझ्या पोटातून तो आवाज उठला. पंखा गरगरू लागला. करपल्याचा वास आत आला.

"तापली!" भाऊ ओरडले. "घे बाजूला, बंद कर." त्यांचा हात किल्लीकडे गेला.

"भाऊ, किल्लीला हात लावू नका."

त्या घरात मृणाली त्यांच्याशी असे कधी बोलली नव्हती. तिचे डोळे रस्त्यावर होते. "तिला तापायचंच आहे. होऊ द्या तिचं पुरं."

भाऊंचा हात तसाच हवेत राहिला. किल्ली तिथेच होती, आणि ती एकदा फिरली असती तर माझे काम आणि तिची नोकरी, दोन्ही तिथेच संपले असते. मी जिवाच्या आकांताने जळत होते. शेवटी भाऊंनी तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि मांडीवर ठेवला. डोळे मिटून घेतले. अंबाडी यायच्या आधी माझा पंखा शांत झाला, वास गेला. पिवळा दिवा तर लागलाच नाही. पहिल्या वज्रेश्वरीच्या सकाळसारखा माझा श्वास आतपर्यंत गेला.

अंबाडी नाक्यावर भाऊ म्हणाले, "थांबव." मृणालीचा चेहरा उतरला. मलाही वाटले, आता परत. पण भाऊ खाली उतरले आणि दार लोटून म्हणाले, "जा तू शाळंत. गाडी तुझ्यापाशी ठेव. मी बसनं जातो." आणि टेम्पोवाले भाऊ भिवंडीच्या बससाठी रांगेत उभे राहिले.

मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच. घरच्यासाठी गाडी घ्याल तेव्हा आधी स्वतःचा रोजचा रस्ता बघा, जुन्या आठवणीतला नको. तुमचा रस्ता शाळेपुरता, बाजारापुरता असेल तर माझ्यासारखीला घरी आणू नका. आम्ही वाईट नाही, पण जिन्याखाली आमचा दम कोंडतो. आणि आणलीच असेल तर तिला धावू द्या. ज्याच्यावर माया आहे, त्याचे काम अर्ध्यात बंद पाडू नका.

त्या संध्याकाळी आम्ही कोनला परतलो, तेव्हा भाऊ फाटक उघडून वाट पाहत होते. मृणालीने आरसे मिटले आणि मला आत घेतले. भाऊंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"तापलीय," ते म्हणाले.

खांद्यावर नॅपकिन होता. तो त्यांनी काढला, घडी केली आणि घामेजलेल्या मृणालीला चेहरा पुसायला दिला. बॉनेट त्यांनी उघडले नाही.