आलोकची अडलेली सही

लातूरच्या क्लासमध्ये वीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या वसंतरावांना वशिल्याचा वास लांबूनच यायचा. त्यांचा आलोक बोर्डात आलेला, एमबीबीएसलाही पहिला. आता तो नांदेडच्या एका रुग्णालयात आपत्कालीन विभागात पुढचं शिकत होता. तिथे नुसता पेपर लिहून भागत नसे. एकेक काम हाताने करून दाखवायचं, मग विभागप्रमुख डॉ. पंचाक्षरी वहीत सही देत. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याची सही आलोकला तीनदा नाकारली गेली होती. आणि परीक्षेत कायम त्याच्या मागे असणाऱ्या मुखेडच्या तनुजाला ती मिळाली होती!

पंचाक्षरीही मुखेडचेच. वसंतरावांना एवढं पुरेसं होतं. ते तडक नांदेडला गेले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. त्या चहातही वसंतरावांना डाव दिसला. आलोकची चौथी चाचणी दुपारीच होती. त्याची हरकत नसेल तर बसून पाहा, असं डॉक्टर म्हणाले. वडील आलेले पाहून आलोक ओशाळला, पण हो म्हणाला.

रबरी पुतळ्याच्या घशात त्याने झपाझप नळी घातली, "झालं" म्हणाला आणि ती पट्टीने बांधू लागला. सरजाबाई सिस्टरनी हवेची पिशवी दाबली. छाती हलली नाही, पोट फुगलं.

"डॉक्टर, छाती बघितली का?" सिस्टरनी आलोकला विचारलं.

नळी अन्ननलिकेत गेली होती, हे वसंतरावांना कुणी सांगायला नको होतं. तरी ते अडून बसले. तनुजाची कधी चूक झालीच नाही का?

"झाली ना," पंचाक्षरी म्हणाले. "तिची तिलाच कळली. लगेच नळी काढून मास्कने श्वास दिला तिनं. आम्ही तेच तपासतो."

मग ते हळू आवाजात सांगू लागले. "भूकंपात मी नवा डॉक्टर होतो, पहिल्या वर्गात पास झालेला. किल्लारीकडच्या केवळाबाईला अशीच नळी घातली अन् पुढच्या पेशंटकडे वळलो. छाती हलती का, हे मला कुणी विचारलं न्हाई. ती गेली. तिच्या नवऱ्यानं माझे पाय धरले, तुम्ही लई केलं म्हणून."

आलोकने पुतळ्याच्या घशातली नळी काढली. मग म्हणाला, "सर, आज सही देऊ नका."

वसंतरावांनी मनातला संशय उघड सांगून माफी मागितली. आलोकला सही मिळाली ती सहाव्या चाचणीला, आणि तिथवर पोचायला त्याला दोन महिन्यांचा सराव लागला.

मुलांच्या गुणांचा अभिमान आपण सगळेच बाळगतो. पण उद्या त्यांच्या हातात कुणाचा तरी श्वास असणार आहे. "अजून नाही" म्हणणारा शिक्षक त्या अनोळखी माणसाच्या बाजूने बोलत असतो. त्याच्यावर संशय घेण्याआधी आपण एवढं आठवावं.