मॉरिसव्हिलचं कोळपं

मी कोळपं बोलतोय. हो, तेच. पिकाच्या दोन ओळींमधलं तण कापत जातं, ते. फरक इतकाच की माझा जन्म लोहाराच्या भात्याशेजारी न होता नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विद्यापीठाच्या वातानुकूलित वर्कशॉपमध्ये झाला. माणसांच्या पोरांचं आधी बारसं होतं. माझा आधी लोगो झाला, मग एकवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन झालं आणि त्यानंतर सवडीने मला चाक लागलं.

मला घडवलं ज्ञानदाने. अकोल्याची मुलगी, शेतीच्या यंत्रांवर पीएचडी करते. तिची कल्पना साधी होती. एक-दोन एकरवाल्या घरातल्या बायका दिवसदिवस उकिडव्या बसून खुरपतात, त्यांना उभ्याने चालवता येईल असं हलकं यंत्र द्यायचं. एक चाक, एक दांडा आणि खाली माती कापणारं पोलादी पातं, ज्याला पास म्हणतात. तेव्हा मी एवढाच होतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण देखणा होतो.

मग सत्यजित आला. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, उंची सहा फूट, मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. गेल्या वर्षी मंडळाच्या तिळगुळाला त्याने माझा फोटो पाहिला आणि म्हणाला, "यार ज्ञानदा, यात एआय टाकू ना!" तिथे माझी फिगर गेली ती गेलीच.

मला मोटर बसली, बॅटरी बसली, तण ओळखायला कॅमेरा बसला आणि या सगळ्यांचा मेंदू म्हणून एक डबा बसला. वजन तिप्पट झालं. वर ॲप. घरात "लॉन मो करतो" म्हणणाऱ्या या गृहस्थाने ॲपमध्ये मात्र लिहिलं, "तृणनिर्मूलन प्रारंभ करण्यासाठी कृपया स्पर्श करावा." स्पर्श केला की ओटीपी. तो येईपर्यंत तण बोटभर वाढायचं. दांडा त्याने स्वतःच्या उंचीचा लावला, कारण चाचणी तोच घ्यायचा, तीही घरापुढच्या हिरवळीवर. दोनदा घेतली. मग घरांच्या असोसिएशनचं पत्र आलं की दर्शनी भागात शेतीची अवजारं दिसता कामा नयेत. माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. एका बाजूला बर्फ ओढायचं फावडं, दुसऱ्या बाजूला मंडळाचं गणपतीचं मखर. शेती सुधारायला निघालेला मी, मातीचं तोंड पाहिलं नव्हतं.

एका संस्थेने मात्र ज्ञानदाला शब्द दिला होता. प्रात्यक्षिक पसंत पडलं तर माझ्यासारखी वीस यंत्रं करायची आणि याच पावसाळ्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या महिला गटाला वापरायला द्यायची. नाही पडलं तर प्रकल्प बंद आणि मी भंगारात. ते गाव सत्यजितच्या सासुरवाडीचं.

आणि सासूबाई घरातच होत्या. मंगलकाकू. लेकीच्या, देवयानीच्या, बाळंतपणाला जानेवारीत आलेल्या, सहा महिन्यांसाठी. चाळीस वर्षं भुईमूग खुरपलेली बाई. गुडघे इतके गेलेले की गॅरेजच्या दोन पायऱ्या उतरतानाही भिंत धरायच्या. सत्यजितने त्यांना माझ्यापुढे उभं केलं.

"आई, तुमच्या गावासाठी आहे. कसं वाटतंय?"

काकूंनी दांडा धरला. तो त्यांच्या हनुवटीला लागला. पण हाताची पकड! तळव्याला घट्टे, बोटं बरोबर तिथे, जिथे असायला हवीत. इतके महिने मला हाताळणाऱ्यांत अवजार धरता येणारं पहिलंच माणूस. त्यांनी मला उचलून पाहिलं, मी जागचा हललो नाही, आणि पदर सावरत म्हणाल्या, "छान हाय हो, जावईबापू."

छान! ज्ञानदाने लगेच लॅपटॉपवर टिपलं: वापरणाऱ्यांचा प्रतिसाद, अतिशय चांगला. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या स्पीकरला एकच वाक्य येतं. "कृपया ओटीपी टाका."

खरं काय ते मला दुपारी कळलं. काकू गॅरेजमध्ये येऊन गावाकडच्या जावेशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. "यंत्र चांगलंय गं," त्या म्हणाल्या, "पण माझ्या हनुवटीएवढं. बांधावरनं उचलून न्यायचं म्हणजे मलाच कुणीतरी उचलायला लागंल. जावयाला कसं सांगू? एवढ्या हौसेनं केलंय त्यानं." सत्यजित त्यांना सहा महिने दर आठवड्याला विचारत राहिला आणि सहा महिने माझं सगळं छानच होतं.

जूनअखेर प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. विद्यापीठाच्या प्रयोगाच्या शेतात भुईमुगाच्या ओळी, त्यात गुडघ्याला येऊ पाहणारं तण. संस्थेच्या बाई टोपी घालून वेळेवर हजर. ज्ञानदा माझ्या मेंदूच्या डब्याचं झाकण काढून वायरी तपासत होती आणि तेवढ्यात आमच्या सांस्कृतिक सचिवांना पूजा आठवली. नवीन यंत्र बिनपूजेचं सुरू करायचं म्हणजे काय! झेंडूचा हार चाकात अडकवला. कुंकवाचं बोट थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात घातलं, मला सगळं शेत लाल दिसायला लागलं. मग पिशवीतून नारळ निघाला. फोडायला आसपास दगड नव्हता.

"सत्यजित, थांब, डबा उघडा आहे!" ज्ञानदा ओरडली.

तोवर नारळ माझ्या लोखंडी चौकटीवर आपटून झाला होता. इथल्या दुकानातला नारळ दहातल्या नऊ वेळा कोरडा निघतो. हा काठोकाठ भरलेला होता. सगळं पाणी मेंदूत. मी एकदा "कृपया" म्हणालो आणि गेलो.

ज्ञानदाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग माझ्या शेजारी मातीतच बसली. दोन वर्षं त्या पोरीने नीट झोप घेतली नव्हती. संस्थेच्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाल्या की हरकत नाही, असं होतं. असं गोड बोलतात तेव्हा काम संपलेलं असतं, हे मलाही कळतं.

"पाना हाय का कुणाकडं?"

काकू पुढे आल्या होत्या. नायलॉनची साडी, वर लेकीचं जॅकेट, पायात पांढरे बूट. त्यांनी पान्याने चार नट सोडवले, मोटर, बॅटरी आणि मेंदूचा डबा उचलून बांधावर ठेवले, दांडा हातभर खाली सरकवला, हार काढून सत्यजितच्या हातात दिला. मग पदर खोचला आणि मला ओळीत घातलं.

मी मातीत गेलो हो! पास दोन बोटं खाली शिरली, काकूंनी पुढे लोटलं, मागे ओढलं, तण मुळापासून सुटत गेलं. भुईमुगाच्या पानालाही धक्का नाही. उभ्याने! एकदाही वाकल्या नाहीत. नाही म्हणायला मध्ये एकदा वाकल्या, कारण तणात घोळ दिसली. कॅमेऱ्याला ती उपटायला शिकवलेली होती. काकूंनी ती भाजीसाठी पदरात घेतली. ओळ संपली तेव्हा त्या घामाघूम होत्या आणि हसत होत्या.

संस्थेच्या बाईंनी ज्ञानदाकरवी विचारलं, "तुम्ही हे शेतात वापराल का?"

काकूंनी आधी जावयाकडे पाहिलं. तिथे खरी कसोटी होती, नारळ वगैरे किरकोळ.

"राग मानू नका जावईबापू," त्या म्हणाल्या. "असं केलं तर वापरीन. मोटरला माझी ना न्हाई, गुडघ्याला बरीच हाय. पण बाईला कडेवर घेता आलं पाहिजे एवढं हलकं करा. बटण एकच ठेवा. आणि ते ओटीपीचं तुमच्या बँकेत ऱ्हाऊ द्या."

सत्यजित कानापर्यंत लाल झाला. "आई, सहा महिने का नाही बोललात?"

"तुम्ही कसं वाटतंय विचारलंत. वापरून बघा, असं कुठं म्हणालात?"

संस्थेची मेल आठवड्याने आली. कल्पना उत्तम, यंत्रात बदल करावेत, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. ज्ञानदा गॅरेजमध्ये माझ्या दांड्यावर डोकं ठेवून रडली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षापातूर तण थांबतंय व्हय?"

परवा त्यांचं विमान. काल बॅग भरली. सत्यजितने माझ्यासकट वजनकाट्यावर ठेवली, ती भरली नऊ किलो जास्त. बदाम, चॉकलेटं, भावकीतल्या सगळ्यांना परफ्यूम.

"आई, काहीतरी काढावं लागेल. कोळपं राहू दे, मी नंतर पाठवतो."

"चॉकलेटं काढा," काकू म्हणाल्या.

"अगं आई, लोक काय म्हणतील? अमेरिकेतून कोळपं आणलं?" देवयानी म्हणाली.

"म्हणू देत. खुरपायला येतात का लोक?"

सत्यजितने मुकाट्याने चॉकलेटं काढली. मग स्वतः खाली बसून मला सुटं केलं, एकेक नट पिशवीत घातला आणि पिशवीत न विचारता पानाही टाकला. मला तो त्या क्षणी फार आवडला.

आता मी काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेला बॅगेत पडलोय. ज्ञानदाने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय की प्रत्येकीने काय म्हटलं ते कळवा, शिव्यांसकट. तिकडे भुईमूग उगवला असेल, गटातल्या बाया माझी वाट बघत असतील. त्यांना एकच विनवणी. बायांनो, हार नको, नारळ तर मुळीच नको. मला सरळ रानात घाला, दमेपर्यंत चालवा, आणि जे खुपेल ते तोंडावर सांगा. मी काही कुणाचा जावई नाही.