कागदासाठी केलेली गोळी

"मिस्टर प्रुइट, तुमच्याकडची सगळ्यात स्वस्त गोळी कुठली, जी सरळ जाते?"

टिल्डाने विचारलं आणि प्रुइटच्या बंदुकांच्या दुकानातलं बोलणं बंद पडलं. शेगडीभोवती कॉफीचे कप धरून बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकाच वेळी माना वळवल्या. मागे, मासेमारीच्या काठ्यांच्या आडोशाला, तिच्या मैत्रिणी ब्रिटा आणि जोली तोंडात मफलर कोंबून उभ्या होत्या. सगळ्यांसमोर 'स्वस्त' मागणं तुझ्याच्याने व्हायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. टिल्डाला तेवढं पुरलं.

या गावात माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण कुठल्या साली कुठल्या एल्कला, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या सांबराला, कुठली गोळी घातली होती ते विसरणार नाही. त्या शेगडीपाशी गोळीचं वजन निघायचं, वेग निघायचा, तांब्याच्या आवरणाची जाडी निघायची. 'स्वस्त' मात्र कुणी म्हणायचं नाही. प्रत्येकाच्या मनात तेच असायचं आणि प्रत्येक जण दुसरंच काहीतरी विचारायचा.

"स्वस्त आणि सरळ?" चेट नावाचा म्हातारा म्हणाला. "असं तर या गावात माणूससुद्धा नाही."

"तू आहेस की," त्याच्या शेजारचा म्हणाला. "निदान स्वस्त तरी आहेस."

म्हातारे खोकत खोकत हसले. टिल्डाही हसली. गेल्या वर्षीपर्यंत ती या दुकानात बापाच्या पाठीआड उभी राहायची, आणि कुणी नाव विचारलं तरी बापानेच सांगायचं. पण उन्हाळ्यात गवत कापायच्या दिवसांत बाप ट्रेलरवरून पडला आणि त्याच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. मग ट्रॅक्टर टिल्डाने चालवला, गंजी टिल्डाने रचल्या, आणि कधीतरी त्यातच तिचा आवाज मोठा झाला. बापाला वर्षभर रायफलचा धक्का घ्यायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यामुळे त्याने यंदा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, काढलाच नव्हता. आई शिकार करत नव्हती. घरात टॅग होता तो एकट्या टिल्डाचा. एक टॅग म्हणजे एक एल्क; तो मारला की टॅगवरची तारीख कापायची आणि त्या वर्षाची शिकार संपली. आणि एक एल्क म्हणजे त्यांच्या, ऑसनेसांच्या, घरचं वसंतापर्यंतचं मांस. गायीचं विकतचं मांस त्यांच्याकडे फक्त पाहुणे आले की यायचं.

प्रुइटने मागच्या फळ्यांकडे हात केला. बापाची नेहमीची गोळी जिथे असायची तिथे फक्त किमतीची चिठ्ठी उरली होती. हाडातून गेली तरी न फुटणारी, जाड आवरणाची गोळी. ती कधी येणार ते प्रुइटला कळत नव्हतं, आणि आलीच तर ती चिठ्ठी बदलणार हे सगळ्यांना कळत होतं.

तो खाली वाकला आणि एक साधं खाकी खोकं वर घेऊन आला. "ही घे. आवरणावर डाग पडलेत म्हणून कारखान्याने स्वस्तात काढली. कुणीतरी मागवली आणि न्यायला आलाच नाही. पण कागदावर लाव, भोकात भोक पडेल."

कशाला हवी, ते त्याने विचारलं नाही. टिल्डानेही सांगितलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या काठ्यांमागच्या दोन मफलरांकडे होतं.

घरी गॅरेजमधल्या बाकापाशी बापाने एक गोळी डाव्या हाताने उचलली आणि दिव्याखाली फिरवली. टोकाला टाचणीच्या अग्राएवढं भोक होतं.

"टिल, ही निशाणेबाजीची गोळी आहे. कागदासाठी केलेली."

"कागदावर सरळ जाते म्हणजे एल्कवरही सरळच जाणार ना, डॅड?"

"जाईल. तिथे पोचल्यावर काय करेल, हा प्रश्न आहे. आवरण पातळ असतं हिचं."

"लोक हरणं मारतात हिने. मी वाचलंय."

"हरण हरण असतं." त्याने गोळी परत खोक्यात ठेवली, हळूच, जणू ती अंडं आहे.

नंतरचे काही दिवस तो एका हाताने फोन करत राहिला. खालच्या गावातलं दुकान, पलीकडच्या खोऱ्यातला मित्र, शहरातलं मोठं दुकान. कुठे गोळी नव्हती. एका ठिकाणी होती, पण तिथली किंमत ऐकून बापाने "बरं, कळवतो" म्हणून फोन इतका अलगद ठेवला की टिल्डाला तिथून उठून जावंसं वाटलं. शेवटी तो गॅरेजमध्ये आला.

"ठीक आहे. ही वापरू. पण मादी आडवी उभी असेल तरच, आणि खांद्याच्या मागे, बरगड्यांत. तिथे ही गोळी काम करेल. खांद्याच्या हाडाला लावायची नाही. ती तुझ्याकडे तोंड करून उभी असेल तर बंदूक खाली. पटलं?"

"डॅड, मी कुठेही लावू शकते."

"तेच म्हणतोय मी. तिथेच लाव."

मग काडतुसं भरायचं काम सुरू झालं. प्रेसचा दांडा बापाला ओढता येत नव्हता, तेव्हा तो स्टुलावर बसून सांगायचा आणि टिल्डा करायची. वापरलेली पितळी कवचं पुसायची, तळाशी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू काट्यावर तोलायची, ओतायची, वर गोळी ठेवायची आणि दांडा ओढायचा. गोळी कवचाच्या मानेत किती खोल बसली ते मोजायचं आणि पुन्हा मोजायचं. दारू कणभर कमी, कणभर जास्त, असे वेगवेगळे गट करून ते दोघं खाणीच्या जुन्या खड्ड्यात जाऊन कागदावर मारून बघायचे. एका गटाने कमाल केली. तिन्ही गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळून एकच ओबडधोबड भोक झालं, दहा सेंटच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं.

बाप दुर्बिणीला डोळा लावून तो कागद पुन्हा पुन्हा बघत होता. मग म्हणाला, "माझ्या जन्मात माझं असं पडलं नाही."

हे वाक्य टिल्डाने घरी येईपर्यंत मनात इतक्या वेळा म्हटलं की ते गुळगुळीत झालं. कागद तिने ब्रिटा आणि जोलीला दाखवला, मग प्रुइटला. प्रुइटने तो शेगडीच्या वर टाचणीने लावला. चेट चष्मा लावून जवळ गेला आणि म्हणाला, "हिला माझ्या शेतावर येऊ देऊ नका. माझी सगळी जनावरं वेचून वेचून मारेल." टिल्डा दिवसभर दोन बोटं वर चालत होती.

बर्फ पडल्यावर ते दोघं अंधार असतानाच डोंगराच्या धारेवर चढले. उजाडलं तेव्हा खालच्या मोकळ्या उतारावर एल्कचा कळप चरत होता. पायांनी बर्फ उकरायचं, तोंड खाली, मान वर, पुन्हा खाली. टिल्डा पाठपिशवीवर रायफल टेकवून पालथी पडली. बापाने कानात सांगितलं, "शेवटची. ती एकटी आहे ती."

मादी आडवी उभी होती. खांद्यामागची ती जागा टिल्डाच्या भिंगात इतकी स्पष्ट होती की तिथले केस वेगळे दिसत होते. तिने श्वास अर्धा सोडला. तिची गडबड झाली नव्हती, हात हलला नव्हता. पुढे कितीतरी वेळा तिने हे आठवून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी सगळं बरोबरच होतं. चाप दबला त्याच क्षणी मादीने मागे वळून कळपाकडे जायला एक पाऊल टाकलं.

आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मादी पुढच्या गुडघ्यांवर कोसळली, उठली आणि तीन पायांवर चढणीला लागली. टिल्डाने दुसरी गोळी भरली तोवर सगळा कळप तिच्या आजूबाजूला मिसळला होता आणि मारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"खांदा," बाप म्हणाला. दुर्बीण त्याने डोळ्यांवरून काढली नाही.

"खाली पडेल ना ती?"

"थांबू. मागे लागलो तर लांब पळेल. बसेल कुठेतरी. बसू दे."

ते थांबले. टिल्डाच्या आयुष्यात इतकं लांब थांबणं कधी झालं नव्हतं. बापाने थर्मासमधून कॉफी ओतून दिली. ती तिने हातात धरून ठेवली, प्यायली नाही.

मग माग काढायला उतरले. पहिल्या जागी बर्फावर रक्त होतं, फार नाही. त्यात हाडाचा एक पांढरा तुकडा, नखाएवढा, आणि तांब्याची एक पापुद्र्यासारखी चकाकती चिरफळी. बापाने ती उचलून तळहातावर घेतली. गोळी हाडाला लागून तिथेच फुटली होती. आत गेली असती तर मादी त्या उतारावरच पडली असती.

"माझ्यामुळे," टिल्डा म्हणाली.

"रक्ताकडे बघ. पुढे बघ."

झाडांत शिरल्यावर वाट अवघड झाली. वादळाने पाडलेले पाइन एकमेकांवर आडवे पडले होते. टिल्डा वरून उड्या मारत जायची आणि मागे वळून बघायची. बाप एका हाताने खोडाला धरून पाय टाकायचा आणि दुसरा हात झोळीत अडकलेला. एका खोडावरून तो घसरला आणि दुखऱ्या खांद्यावर पडला. ओरडला नाही. टिल्डा परत धावली.

"जा तू. माग सोडू नकोस."

"डॅड..."

"जा म्हटलं ना."

ती गेली. रक्ताचे थेंब कमी होत गेले. आधी खुरागणिक, मग लांब लांब, मग एका झाडाच्या सालीवर फक्त एक पुसट डाग. कळपाच्या खुरांत तीन पायांचा ठसा शोधताना तिचे डोळे दुखले. ती रांगत पुढे सरकत होती. माग सुटला आहे असं वाटायचं आणि तेवढ्यात पुढचा पाय घसटल्याची रेघ दिसायची.

ती रेघ कुंपणापाशी गेली. आणि कुंपणाखालून पलीकडे.

कुंपणाचे खांब नारिंगी रंगवले होते. परवानगीशिवाय आत यायचं नाही, हे त्या रंगाचं सांगणं या मुलखात बोलायला शिकण्याआधी कळतं. पलीकडे उतारावर बर्फात रेघ पुढे गेलेली दिसत होती, वळणापर्यंत. तिने कुंपणाची तार धरली. बाप धापा टाकत येईपर्यंत ती तशीच उभी होती.

बापाने मालकाला फोन लावला. मालक दुसऱ्या राज्यात राहायचा आणि वर्षातून एकदा यायचा. फोन वाजत राहिला. राखणदाराला लावला, तो बंद होता. मग शिकार खात्याच्या वॉर्डन बाईंना. त्या लांब होत्या आणि म्हणाल्या, मीही मालकाला गाठायचा प्रयत्न करते, तोवर आत जाऊ नका.

"ती तिथेच असेल," टिल्डा म्हणाली. "वळणापलीकडे. मी पळत जाऊन बघून येते. कोणाला कळणार?"

 बापाने हो म्हटलं असतं तर ती गेली असती. नाही म्हटलं असतं तर चिडून गेली असती. तो नुसता त्या रेघेकडे बघत होता. मग तीही बघत राहिली. फोन वाजला नाही. दुपारी वारं सुटलं, बर्फ उडू लागलं आणि रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत बुजत गेली.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गाडी घेऊन रस्त्यावर थांबले, जिथून ती टेकडी दिसते. टेकडीमागे डोमकावळे घिरट्या घालत होते, आणि एकेक करून खाली उतरत होते. मालकाचा फोन आला तो त्याच्याही नंतरच्या दिवशी. तो फार सभ्य माणूस निघाला. विमानात होतो म्हणाला, अवश्य जा, वाईट वाटलं म्हणाला. तोवर नवं बर्फ गुडघाभर पडलं होतं. तिघं मिळून, म्हणजे वॉर्डन बाईंसह, त्यांनी टेकडीची ती बाजू काठ्या खुपसत पालथी घातली. काही सापडलं नाही.

"सापडली नाही म्हणजे कायद्याने तुझा टॅग शाबूत आहे," वॉर्डन बाई गाडीत बसताना म्हणाल्या. "हंगाम अजून बाकी आहे. बाकी तुझं तू बघ."

गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेगडीवरचा तिचा कागद कुणी काढला नाही आणि कुणी त्यावर बोललंही नाही. आठवड्याच्या शेवटी प्रुइट स्वतः घरी आला, जॅमची एक बाटली घेऊन. बाटलीत गोळ्या होत्या, जाड आवरणाच्या, बापाच्या नेहमीच्या. कुणाच्या खणात राहिलेल्या चार, कुणाच्या डब्यातल्या सहा. म्हाताऱ्यांनी गोळा केल्या होत्या.

"चेटने त्याच्या सगळ्या दिल्या," प्रुइट टोपीची कड चाचपत म्हणाला. "म्हणाला, त्याला आता दिसत नाही. तसं तर त्याला कधीच दिसत नव्हतं."

तो गेल्यावर टिल्डाने बाटली उचलून खिडकीपाशी धरली. तिला वाटलं होतं आनंद होईल. होत नव्हता. हंगाम होता, टॅग होता, गोळ्या होत्या, आणि आईने फ्रीझर रिकामा करून, पुसून, पुन्हा चालू केलेला होता. त्याची घरघर गॅरेजमधून स्वयंपाकघरात ऐकू येत होती. सगळं तिच्याच वाटेकडे डोळे लावून होतं. आणि तिला मात्र डोळे मिटले की कुंपणाखालून गेलेली ती रेघ दिसायची.

तिने बापाला काही विचारलं नाही. तो सांगणार नाही हे तिला ठाऊक होतं. गावात दोन्ही तऱ्हेचे लोक होते. जखमी करून हरवलेलं जनावर हिशोबात न धरणारे, आणि धरणारे. बाप कुठल्या तऱ्हेचा, हे तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण बापाचं जनावर कधी हरवलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी ती खाली आली तेव्हा बाप डाव्या हाताने पॅनकेक उलटायचा प्रयत्न करत होता आणि आई त्याच्या हातून उलथनं काढून घेत होती.

"बस," आई टिल्डाला म्हणाली. "गरम आहेत. डॅड म्हणतोय, नवी काडतुसं आजच भरून घेऊ. पुढच्या आठवड्यात हवा चांगली आहे."

"आधी दारूचा गट नव्याने बघावा लागेल," बाप म्हणाला. "गोळी बदलली की सगळं बदलतं. पण तुझा हात बसलाय आता."

टिल्डा बसली नाही. तिने शर्टाच्या खिशातून टॅग काढला आणि टेबलावर, पॅनकेकवरच्या पाकाच्या बाटलीशेजारी ठेवला. कडेला महिना आणि तारीख कापलेली होती, दोन नीट त्रिकोण, गॅरेजमधल्या चाकूने. तारीख मादीवर गोळी झाडली त्या दिवसाची होती.

आईने तो उचलला, पाहिला आणि बापाकडे दिला. बापाने उलथन्याकडे, मग टॅगकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण फुटला, हळू, आणि तिने तो मोठा करायचा प्रयत्न केला नाही.

"मांसाचं काय करायचं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण ती मी मारली. कावळ्यांनी खाल्ली म्हणून ती माझी नव्हती असं होत नाही. माझा एल्क झाला. यंदा मी परत जाणार नाही."