चौथ्या आर्मची चिठ्ठी

नुसत्या बोटांनी चाचपून सुवर्णाला नट ओळखता यायचा, आणि हे ती दहावीच्या अख्ख्या वर्गाला सांगून मोकळी झाली होती. का नाही सांगायचं? अंबडला तिच्या वाल्मीकमामाच्या गॅरेजात जुन्या रेसच्या गाड्या यायच्या, एकाच माणसाच्या, लांबुळक्या, चाकं उघडी टाकलेल्या. त्यांचे सुटे भाग पोत्यांतून यायचे. ना नंबर, ना शिक्का. कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे ओळखायला मामानेच तिला शिकवलं होतं.

आणि मामाचा एक नियम होता. ज्याने ओळखलं त्याने पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर गाडी, जागा आणि आपलं नाव लिहायचं, तांब्याच्या तारेने ती बांधायची, तारेला तीन पीळ. "चिठ्ठी म्हणजे जबान, सुवर्णे. बिनचिठ्ठीचं ते भंगार."

दिवाळीच्या सुट्टीत चार आर्म आले. चाकाला गाडीशी धरून ठेवणारे लोखंडी त्रिकोण. बघताक्षणीच सुवर्णा ओरडली, "पुढच्या चाकांचे! दोन वरचे, दोन खालचे!" आणि तपासायच्या आधीच झोकदार अक्षरात चारही चिठ्ठ्या लिहून बसली.

मग पॉलिश पेपरने रंग खरवडला. तिन्हींच्या जोडावर पितळेची सोनेरी रेघ निघाली. त्या काळी या गाड्यांचे सांधे पितळ वितळवूनच जोडायचे, आणि आटेही इंचांतले असायचे. तिन्हींत इंची बोल्ट लोण्यात शिरावा तसा फिरला. चौथ्याच्या रंगाखाली मात्र करड्या गाठींचं वेल्डिंग, आणि बोल्ट दोन फेऱ्यांतच अडला. आटे आजच्यासारखे मिलिमीटरचे.

"मामा, हा कालपरवा बनवलाय. नकली."

"ठेव बाजूला," मामा मान वर न करता म्हणाला.

तिने तीन चिठ्ठ्या बांधल्या. चौथी टेबलावरच राहिली.

आठ दिवसांनी शाळा सुटल्यावर सुवर्णा दप्तरासकट गॅरेजात आली, तेव्हा विंचूरचे कुंदनशेठ आले होते. द्राक्षबागा त्यांच्या, पण जीव सगळा जुन्या रेसच्या गाडीत. ती दुरुस्त करून जानेवारीत स्वतः पळवणार होते. टेबलावर चार आर्म ओळीने मांडलेले. चौथ्याला ताजा काळा रंग, आणि तिची चिठ्ठी.

शेठ चिठ्ठी वाचून हसले. "पोरीने ओळखलेत ना? मग मी डोळे मिटून घेतो. मागच्या वेळी भाग ओळखताना तू चुकलास, वाल्मीक, ही नाही!"

सुवर्णाने मामाला पाण्याच्या माठापाशी ओढलं.

"मामा, ती चिठ्ठी..."

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझं. पण तो नकली आहे!"

"तीन खरे आहेत ना? तिघांत चौथा खपून जातो. चारही पुरे असल्याशिवाय शेठ हात लावत नाहीत."

"आणि पळताना तुटला तर?"

"तू कशाला भितेस? मी आहे ना."

"नाव माझं आहे, मामा."

"म्हणून तर घेताहेत," मामा म्हणाला, अगदी लाडाने, आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

ही टपली तिला फार आवडायची. पहिला बोल्ट ओळखला तेव्हाही हीच मिळाली होती. आज ती डोक्यावर तशीच जळत राहिली. शेठसमोर, गिऱ्हाइकांसमोर मामा तिचं एवढं कौतुक करायचा, ते सगळं याचसाठी मुरत घातलं होतं की काय? विचारायची हिंमत झाली नाही. उत्तर हो आलं असतं तर?

ती टेबलापाशी गेली. चौथ्या चिठ्ठीची तार उलगडायला लागली. तीन पीळ, अगदी नियमाप्रमाणे, मामाच्या हातचे. तारेचं टोक बोटात घुसलं तरी थांबली नाही. मग इंची बोल्ट शेठच्या हातात दिला.

"चारहींत फिरवून बघा, काका."

तिन्हींत फिरला. चौथ्यात बोल्ट दोन फेऱ्यांवर अडला. शेठनी जोर लावला, मग मामाकडे पाहिलं.

मामा मात्र सुवर्णाकडे बघत होता. "दप्तर उचल," एवढंच म्हणाला.

तिने दप्तर उचललं. चिठ्ठीवरचं आपलं झोकदार नाव पाहिलं, आणि नाव असलेला तेवढा तुकडा फाडून खिशात घातला. उरलेल्या तीन चिठ्ठ्यांना हात लावला नाही. त्या खऱ्या होत्या.