धुरावर ठेवलेले बूट

मला राग लवकर येतो. जव्हारात कुणालाही विचारा, तुळशीदास सर म्हटलं की माझा जुना विद्यार्थी आधी गालावर हात ठेवतो आणि मग नमस्कार करतो. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत बत्तीस वर्षं मी खेळाचा मास्तर होतो. पोरं लाडानं घडत नाहीत असं तेव्हा म्हणायचो, आणि खरं सांगू का, आजही तोंडात तेच येतं. जित्याची खोड, दुसरं काय!

माझ्या मैदानावर गप्प पळायची सोय नव्हती. शेजारच्या देशांची ती स्पर्धा, जिला आम्ही जुनी माणसं सॅफ म्हणतो आणि हल्ली दक्षिण आशियाई म्हणतात, तिचा सगळा इतिहास, कुठल्या साली कुठल्या गावी झाली तो, पाढ्यासारखा म्हणत पळायचं. "चौऱ्याऐंशी काठमांडू! पंच्याऐंशी ढाका! सत्त्याऐंशी कलकत्ता! एकोणनव्वद इस्लामाबाद! एक्याण्णव कोलंबो!" असं करत पार शेवटापर्यंत. चुकला की पहिल्यापासून, वर एक फेरी जादा. मध्येच मी ओरडायचो, "नव्व्याण्णव काठमांडू, मग एकदम दोन हजार चार. का?" पोरं धापा टाकत ओरडायची, "लढाई झाली, सर!" दम लागल्यावरही ज्याला बोलता येतं, त्याचीच छाती तयार होते. ज्याचा पाढा अडला तो जेवायला सगळ्यांत शेवटी बसायचा. होय, हेही करायचो.

का करायचो तेही सांगतो. सत्त्याऐंशीला कलकत्त्यासाठी निवडीची शर्यत झाली तेव्हा दहा हजार मीटरला मी तिसरा आलो. पहिले दोघं गेले. तिसऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. तेव्हापासून एकच ध्यास घेतला, की मी नाही तर माझ्या हाताखालचं कुणीतरी त्या पाढ्यात जाईल.

बत्तीस वर्षांत तसं एकच पोर मिळालं. साखरशेतच्या सखाची रुपी. भाताचा भारा डोक्यावर घेऊन चढावर पळायची, आणि वर पोचली की हसायची. तिला मी सातवीत धरली ती सोडलीच नाही. शाळा संपली तरी रोज पहाटे मैदानावर हजर. थंडीत पाय फुटायचे तरी अनवाणीच पळायची. एकोणीसची काठमांडू झाली तेव्हा ती तयार नव्हती. पुढची लाहोरला ठरली होती, दोन वर्षांनी. मी म्हटलं, रुपे, ही तुझी.

मी नाशिकला जाऊन तिच्यासाठी स्पाइक आणले, तळाला खिळे असलेले शर्यतीचे बूट. तिचा नि माझा पाय एकाच मापाचा, म्हणून दुकानात मीच घालून बघितले. बूट हातात दिल्यावर ती ते हुंगत बसली. लगेच पायात घालायला लागली तर मी हातावर फटका मारला.

"हे शेतात तुडवायला नाहीत. याआधी तीन पोरींनी माझे बूट चिखलात घालून वाट लावली. हे घालायचे ते लाहोरच्या निवडीला. त्याआधी एक दिवस जरी पायात दिसले तर तंगडं मोडीन."

नवा बूट पायाला सवयीचा करून घ्यावा लागतो, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागं घ्यायची आमच्या घराण्यात रीत नाही.

मग ती स्पर्धा पुढं गेली. मग आणखी पुढं गेली. दरवेळी नवी तारीख यायची आणि दरवेळी कसल्या ना कसल्या कारणानं घोडं पेंड खायचं. आठ देश एका मांडवात बसवायचे म्हणजे भावकीचं लग्न. एक आला की दुसरा रुसलेला. आणि प्रत्येक पावसाळा सरला की रुपी विचारायची, "सर, एकदा घालून बघू काय? घरातच. मातीत नाय उतरणार."

"नाही."

"बरा," म्हणायची आणि पळायला लागायची.

मधल्या काळात शिरपामाळाकडचा जिवा तिच्यासाठी थांबला होता. भला मुलगा. दोन्ही घरं राजी होती. मीच अंगणात जाऊन सखाला सगळ्या पाड्यासमोर झापला, "लग्न झालं की पोट येणार, पोट आलं की पळणं संपलं. पोरीचं वाटोळं करायचंय का तुला?" सखा खाली मान घालून उभा राहिला. जिवा चार वर्षं थांबला आणि मग दुसरीकडे मोकळा झाला. त्याची वरात गेली त्या दिवशीही रुपी पहाटे मैदानावर होती. पाढा म्हणताना पंच्याण्णव मद्रासला अडली. मी तिला एक फेरी जादा दिली.

सखाच्या घरी मी कितीदा तरी चुलीपुढं बसून चहा प्यालोय. डोक्यावर, धुरात, पुढच्या सालचं बियाणं टांगलेलं असायचं. मक्याची कणसं, नाचणीच्या पेंड्या, काकडीच्या बियांची पुरचुंडी. धुरातल्या बियाण्याला कीड लागत नाही. त्यांच्याशेजारी फडक्यात बांधलेलं एक गाठोडंही असायचं. असेल काहीतरी, म्हणून मी कधी विचारलं नाही. बूट कुठायत असं विचारलं की रुपी म्हणायची, "नीट हायेत, सर." मला तेवढं पुरे होतं.

अखेर निवडीचा दिवस आला. मी निवृत्त झालो होतो तरी तिच्याबरोबर गेलो. रुपी पंचविशीची झाली होती. शर्यत सकाळी सातची, पण पाहुण्यांची गाडी आली नाही म्हणून साडेअकराला सुटली. ऊन असं, की रबरी ट्रॅकवर हात टेकवत नव्हता.

रुपीनं गाठोडं सोडलं. बूट कोरे करकरीत! नुसता धुराचा वास. शेजारच्या मुली नाकाला रुमाल लावून हसल्या. एक म्हणाली, "ही काय सुकट घालून पळणार का?"

"कुठं ठेवले होतेस गं?" मी विचारलं.

"चुलीवर. बियाण्याशेजारी," ती म्हणाली. केवढी खूश होती! "पाच साल ठेवलं. एक कीड नाय लागली, बघा."

खरं सांगतो, मला तेव्हा अभिमान वाटला. पोरीनं माझा शब्द बियाण्याइतका जपला होता.

पंचवीस फेऱ्यांची शर्यत. दहाव्या फेरीपर्यंत रुपी पहिली होती, आणि मागची चाळीस पावलं मागं. अकराव्या फेरीला उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. फटक, फटक, फटक. अख्ख्या मैदानाला ऐकू येत होतं. लोक हसायला लागले. पुढच्या वळणावर ती अडखळली, बूट उपसून फेकला आणि पळत राहिली. दोन फेऱ्यांनी डावाही सुटला. तोही फेकला. मग अनवाणी, त्या तव्यावर, बारा फेऱ्या. अनवाणी पळायची तिला सवय होती, पण मातीवर. रबर मातीसारखं निवत नाही. शेवटच्या फेऱ्यांना तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. मी कठड्यावरून ओरडत होतो, "पळ! पळ, रांडेच्चे, पळ!"

ती तिसरी आली.

रेषेपलीकडं ती बसली होती. तळपायाची कातडी सोलून लोंबत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. पंचवीस वर्षांच्या बाईच्या.

"बूट आहेत की बियाणं? अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही! शिकवून काय उपयोग?"

ती रडली नाही. परतीची एसटी तीन तासांची. जव्हारचा स्टँड आला तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, मग कवा घालायचे होते?"

मी म्हटलं, "उतर आधी."

बूट मीच गोळा करून आणले होते. ते घेऊन बाजारातल्या बूट शिवणाऱ्याकडे गेलो. त्यानं तळ दोन बोटांनी वाकवला, तर भाकरीसारखा मोडला. "सर, हा वापरानं नाय गेला," तो म्हणाला. "न वापरता गेला. त्यात चुलीची धग. डिंकाचा पार भुगा झालाय. रोज पायात असता तर अजून चालला असता." मी त्याच्यावरही खेकसलो, आणि नवा तळ लावून दे म्हणालो.

पुढं काही आठवड्यांनी बातमी आली, की लाहोर पुन्हा पुढं गेली. निवडलेल्या दोघीही घरीच. लाज वाटते सांगायला, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरं झालं, त्यांच्याही तोंडाला पानं पुसली! आता पुन्हा निवड होणार. शिवलेले बूट पिशवीत घालून मी थेट साखरशेतला निघालो.

गावाबाहेरच्या माळावर सात-आठ पोरी पळत होत्या. पाढा चालला होता. माझाच! मी आंब्याखाली उभा राहून ऐकू लागलो. ऊर भरून आला. सोळा गुवाहाटी झालं, एकोणीस काठमांडू झालं. पुढं मी कधी शिकवलं नव्हतं, पण पोरी थांबल्या नाहीत.

"लाहोर, झाली नाय! रुपीताय, गेली नाय!"

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "का?"

सगळ्यांत पुढं आठ वर्षांची एक चिमुरडी होती, पोशी. मला ओळखत नव्हती. पळता पळताच तिनं ठणठणीत उत्तर दिलं, "सरांनी बूट घालू दिलं नाय!"

माझा हात उठला. देवाशपथ, मी उचलला नाही, आपोआप उठला. आणि वरच्यावर कुणीतरी मनगट धरलं. रुपी होती. एका पावलावर भार देऊन उभी.

"हिला नाय मारायचा, सर. मना मारलात तेवढा बास."

तिनं हात सोडला. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी पोरींच्या पायांकडं बघितलं. सगळ्यांच्या पायात स्वस्तातले कापडी बूट, चिखलानं माखलेले. एकीचा अंगठा बाहेर आलेला.

"जुनेच दिलेस का यांना?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"नवे हायेत. परवा आणले, परवाच घातले."

मी पिशवी पुढं केली. "हे घे. नवा तळ लावलाय. लाहोर पुढं गेलीय, अजून वेळ आहे. आता रोज घाल. मी काही म्हणणार नाही."

तिनं बूट बाहेर काढले, उलटे करून बघितले आणि नाकाशी नेले. अजून धुराचा वास होता. मग पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात परत दिली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"माझा पाय आता यात नाय जात, सर. सोललेला तो तसाच आखडलाय. तुमचा नि माझा एकच माप होता ना? तुम्हीच घाला." आणि पोरींकडं वळताना म्हणाली, "पण आजच घाला."

त्याला आता बारा दिवस झाले. पिशवी घरात खुंटीला टांगलेली आहे.