एकाची हरकत

अठ्ठावीस वर्षं मी बसमध्ये तिकिटं फाडली. लोकांना बाजारात सोडलं, दवाखान्यात सोडलं, सासरी-माहेरी सोडलं, आणि मी आपली डेपोतून निघून डेपोतच परत. निवृत्त झाल्यावर मास्तरांना म्हटलं, "अहो, एकदा तरी कुठंतरी जाऊ या. जिथून त्याच गाडीने अर्ध्या तासात परत फिरावं लागणार नाही असं कुठंतरी."

मास्तर म्हणजे माझे यजमान. शिंपी आहेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणते. ते म्हणाले, "चल. पण सुई-दोरा मी बरोबर घेणार. रिकामे हात मला चावतात."

तर आम्ही एका तळ्याकाठच्या लॉजवर आठ दिवसांसाठी गेलो. आठ खोल्या, पुढे लांब ओसरी, ओसरीला पाच पायऱ्या. हंगाम संपत आला होता. आमच्याशिवाय एकच बिऱ्हाड होतं, तेही दुसऱ्या दिवशी गेलं. उरलो आम्ही दोघं, लॉजचा मॅनेजर आणि पायऱ्यांखाली राहणाऱ्या दोन कुत्र्या. बहिणी असाव्यात. एक तांबूस, मागच्या पायाने किंचित लंगडणारी. दुसरी काळी, तिचा एक कान कायम उभा, जणू कुणी हाक मारणारच आहे. मी त्यांना मोठी आणि धाकटी म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी पाव-दूध घालताना मॅनेजरला सहज विचारलं, "लॉज बंद झाल्यावर यांना कोण घालतं?"

तो किल्ल्यांचा जुडगा पुसत होता. म्हणाला, "कोणी नाही. सोमवारी कुलूप लागलं की मीही माझ्या गावी. पुढच्या हंगामात दुसरी येतात."

"आणि ही?"

"ही नसतात."

माणूस वाईट नव्हता. हवापाणी सांगावं तसं त्याने सांगितलं. पण पावाचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

त्या दुपारी मी मास्तरांना सांगितलं, "या दोघी आपल्याबरोबर घरी येणार."

मास्तर शर्टाला बटण लावत होते. दोरा दातांनी तोडून म्हणाले, "आपलं घर केवढं? त्यात माझं मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि तू. लोकांच्या लग्नातल्या कोटाला कुत्र्याचे केस लागले तर गिऱ्हाईक माझेच केस उपटेल."

"तुम्हाला राहिलेत कुठं?"

ते हसले नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, लोक सुट्टीवरून शिंपले आणतात. तू कुत्री आणतेस?"

"शिंपल्यांना सोमवारी भूक लागत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शेवटी मास्तरांनी अट घातली. "नियम तूच सांगत आलीस. बसमध्ये कुत्रं चालतं, पण तोंडाला मुसकं हवं, तिकीट हवं, मागची सीट हवी, आणि एकाही उतारूची हरकत नको. बरोबर? मग एकाने जरी हरकत घेतली तरी विषय संपला. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरा इलाजच नव्हता.

आता प्रश्न शिकवण्याचा. त्या दोघींनी बस लांबून पाहिली होती, तीही पळून जाताना. पण शिकवणं मला नवीन नव्हतं. सकाळची शाळेची फेरी माझ्याकडे बारा वर्षं होती. गाडीभर चिल्लीपिल्ली असायची. थांब्यागणिक एक पाढा म्हणून घ्यायचे. शाळा येईपर्यंत आमचे तेरापर्यंत व्हायचे. अगदी लहान होती त्यांना आधी घंटी शिकवायची. एक टोला पडला की जागचं हलायचं नाही. दोन पडले की चला. मूल एकदा चुकलं तर मूल चुकलं. दहादा चुकलं तर समजावं, शिकवणारा घाई करतोय.

तेच इथे केलं. ओसरीच्या वरच्या पायरीवर बसून चमच्याने ताटली वाजवायची. एक टोला, बसा. दोन टोले, चढा. पहिल्या दिवशी त्यांना फक्त ताटली खायची होती. दुसऱ्या दिवशी धाकटी चढली आणि मोठी खालीच बसून तिच्याकडे बघत राहिली, वर्गातल्या शेवटच्या बाकावरची मुलं बघतात तशी. मी वाट पाहिली. लंगडा पाय पायरीवर नीट टेकायला तिला वेळ लागत होता, एवढंच. चौथ्या दिवशी दोन टोले पडले की दोघी वर, शेजारी शेजारी, शेपट्या हलवत.

मधल्या काळात जवळच्या बाजारातल्या गुरांच्या डॉक्टरकडून दोघींना सुया टोचून घेतल्या आणि तसा कागदही आणला. मास्तर रोज म्हणत, "कुत्री नेणार नाही," आणि रोज दोन मुसकी शिवत बसत. मी विचारलं तर म्हणाले, "नेणार नाहीच. पण नेलीच तर शिलाई उसवायला नको."

रविवारी सकाळी बस आली. तिथून दिवसाला ती एकच. कंडक्टर पोरसवदा, मिशा नुकत्या फुटलेल्या. त्याने कागद पाहिला, मुसकी पाहिली, मग गाडीत वळून विचारलं, "कोणाची हरकत आहे का?"

तिसऱ्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसले होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते म्हणाले, "माझी आहे."

"साहेब, ती मागे बसतील," मी म्हटलं. "तुम्ही पाहिजे तर अगदी पुढे बसा, ड्रायव्हरच्या पाठीशी. मध्ये मी बसते."

"मी का उठू? मला लहानपणी कुत्रं चावलंय. चौदा इंजेक्शनं घेतलीत पोटात. नियम काय म्हणतो ते सांगा."

त्यांची भीती खोटी नव्हती. खोटी भीती मला ओळखता येते. तिला आवाज जास्त असतो. मी म्हटलं, "नियम तुमच्या बाजूने आहे."

कधीकाळी मीही एका म्हाताऱ्याला असंच उतरवलं होतं. त्याच्या पिशवीत पिल्लू होतं. एक बाई नको म्हणाली, मी त्याला माळावरच्या थांब्यावर उतरवलं आणि दोन टोले दिले. नियम बरोबर होता. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

मी मोठी आणि धाकटीला घेऊन खाली उतरले. मास्तर आत सामानाजवळ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विषय संपला, असं ते डोळ्यांनी म्हणत होते.

कंडक्टरने दार लावायच्या आत घंटीची दोरी ओढली. टिण टिण.

दोन टोले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि माझ्या हातातून दोऱ्या सोडवून घेत, शेपट्या उंच करून, टणाटण पायऱ्या चढून गाडीत!

गाडीत हशा उसळला. घड्याळवाले गृहस्थ घड्याळ ढालीसारखं धरून बाकावर उभे राहिले. कंडक्टर घाबरून ओरडला, "अहो, उतरवा यांना!" आणि सवयीने एक टोला दिला. दोघी जिथे होत्या तिथे वाटेत बसल्या. शहाण्या बाळांसारख्या.

ड्रायव्हर मान वळवून पाहत होता. "कोणी शिकवलं हो यांना?"

"मी," मी म्हटलं. एवढ्या गडबडीतही मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

"बसू द्या की!" मागून कोणीतरी ओरडलं. "आमच्या पोरांपेक्षा बरी ऐकतात!"

लोक माझ्या बाजूचे झाले होते. ताणून धरलं असतं तर कदाचित त्या गृहस्थांनाच गप्प बसावं लागलं असतं. पण ते अजून बाकावर उभे होते आणि घड्याळ खाली घेत नव्हते. शिवाय गाडीला सात मिनिटं उशीर झाला होता, आणि उशीर मला कधीच सहन होत नाही. मी दोघींना उचलूनच खाली आणलं. कंडक्टरला सांगितलं, "बाळा, घंटी देऊ नकोस. पत्र्यावर थाप मार आणि नीघ."

"आणि तू?" मास्तर खिडकीतून म्हणाले. "तू कबूल केलं होतंस."

"या गाडीचा विषय संपला, मास्तर. फाट्यावर हमरस्ता आहे, तिथे दिवसभर गाड्या मिळतात. मी चालत जाते."

"चौदा किलोमीटर?"

"अठ्ठावीस वर्षं उभी राहिलेय मी. चालायला काय जातंय?"

"वेडी आहेस का? उद्या मॅनेजर जाईल, तोही विसरेल, जगही विसरेल. दोन कुत्र्यांसाठी..."

"जग विसरेल म्हणूनच. मी आता यांना ओळखते. तुम्ही जा घरी, दूध आणून ठेवा. चार जणांचं."

थाप पडली. गाडी हलली, वीसेक पावलं गेली आणि थांबली. मास्तर उतरले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सुई-दोऱ्याचा डबा, आणि चेहरा असा की बोलायची सोय नाही. आयुष्यात कधी शिलाई अर्ध्यावर न सोडलेला माणूस हा.

जवळ येऊन एवढंच म्हणाले, "मोठीचं मुसकं सैल झालंय. लंगडते, त्यात दोरीही पायात येतेय. काही धड जमत नाही तुला." आणि तिची दोरी त्यांनी स्वतःकडे घेतली.

चौदा किलोमीटर म्हणजे काय, ते सातव्या किलोमीटरला कळतं. मास्तरांच्या चपलेचा अंगठा तुटला, तो त्यांनी पुलाच्या कठड्यावर बसून शिवला. मोठी दमली की आम्ही सगळेच बसायचो. धाकटीला बसणं पसंत नव्हतं; ती पुढे जाऊन, उभा कान आमच्याकडे करून थांबायची.

दुपारी फाट्यावर पोहोचलो. पहिली गाडी आम्हाला पाहून थांबलीच नाही. दुसरीत हरकतीचे दोन हात वर झाले. मास्तर माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत अजून नऊ गाड्या आहेत. आणि उद्याही आहेत."

तिसऱ्या गाडीची कंडक्टर बाई होती. मी तिला म्हटलं, "ताई, विचारायचं काम मला करू दे." आणि पहिल्या पायरीवर उभी राहून, पूर्वी जसं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं तसं बोलले: "मंडळी, दोन कुत्र्या आहेत. टोचलेल्या आहेत, मुसकं बांधलेलं आहे, मागे बसतील. चौदा किलोमीटर चालून आल्या आहेत. कोणाची हरकत?"

"चावतात का?" एका आजींनी विचारलं.

"चावायला तोंड उघडं लागतं, आजी."

मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, "मला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात." तो उठला, आपली पिशवी घेतली आणि चालत पुढे येत म्हणाला, "मी खिडकीशी बसतो. या तुम्ही."

एवढंच. नियम तोच, गाडी तशीच. फक्त एक माणूस सरकला.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमची इमारत तीन मजल्यांची, आमचं घर दुसऱ्यावर. तळमजल्याच्या जिन्याशी सोसायटीचे सेक्रेटरी झाडांना पाणी घालत उभे होते. त्यांनी आधी बॅग पाहिली, मग मास्तरांची शिवलेली चप्पल, मग खाली.

"हे काय?"

"मोठी आणि धाकटी."

"वहिनी, हे चालणार नाही. इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत. एकाने जरी हरकत घेतली ना, तरी..."

"तरी काय?"

"तरी न्यावी लागतील परत. आणि माझीच हरकत आहे. मी लिहून देतो, हवं तर."

माझे पाय भरून आले होते. घसा सुकला होता. आवाज मात्र चांगला लागला. दुसऱ्या मजल्यावर दोन खिडक्या उघडल्या.

"द्या लिहून, भावजी. तुम्हाला भीती वाटत असेल तर मी यांना मागच्या जिन्याने नेईन. घाण केली तर मी पुसेन, भुंकल्या तर मी गप्प करेन, शिकायला चार दिवस जास्त लागले तर शिकवेन. जेवढं सरकायचं तेवढं मी सरकते. पण हे माझं घर आहे, बस नाही. इथून मी यांना उतरवणार नाही. सकाळी एकदा उतरवलं. पुरे झालं."

ते काही बोलणार होते. पण झारीतलं पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं, ते आधी त्यांना पाहावं लागलं.

मास्तर त्यांच्या शेजारून पुढे गेले. मोठीला लंगड्या पायाने जिना जड जाणार, म्हणून त्यांनी तिला काखोटीला मारलं, नव्या कोटासारखं, चुरगळू न देता. पहिल्या वळणावर थांबून वरूनच म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, लिहायला कागद नसेल तर वर या. माझ्याकडे मापाची वही आहे."

आणि मग माझ्याकडे पाहून, "येतेस ना? दूध कोणी आणलेलं नाही."