आवाज नाही म्हणून

फोनवर पिवळी चौकट उमटली: ‘हे अॅप बॅटरी जास्त वापरते.’ खालच्या दोन ओळी न वाचताच दिपालीने अंगठ्याने ती बाजूला सारली आणि फोन मागच्या खोलीत तान्ह्या काजलच्या झोळीजवळ ठेवला. काजल रडली की या अॅपमुळे आवाज दिपालीच्या कमरेला खोचलेल्या दुसऱ्या फोनवर यायचा.

मग ती ओसरीत शेंगा फोडायला बसली. कान मात्र मधल्या खोलीत, मागच्या खोलीच्या दाराशी लॅपटॉप लावून बसलेल्या नवऱ्याच्या, हेमकांतच्या, ऑनलाइन मीटिंगकडे.

“एकच व्यवस्थापक हवा, रुचिका,” हेमकांत तावातावाने सांगत होता. “फोनचा कुठला भाग जागा ठेवायचा, कुठला झोपवायचा, सगळं एका जागी ठरेल. बॅटरी वाचेल.”

“आणि मधेच एखाद्याचं काम चालू असेल तर? वरच्याला काय कळणार? झोपायचं कधी ते ज्याचं त्याला ठरवू दे,” पडद्यावरची रुचिका म्हणाली.

“वा! हा मुद्दा भारी आहे.”

दिपालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. काल रात्री भाकरी थापताना तिने हेच सांगितलं होतं. कॉलेजचा प्रोजेक्ट तिने यावरच केला होता. तेव्हा हेमकांत हसून म्हणाला होता, “तव्याकडे बघ, करपेल.”

ती उठून दाराला टेकली. आता तरी म्हणेल, दिपालीही हेच म्हणत होती. कमरेचा फोन गप्प होता. हेमकांत हसला, रुचिकाही हसली. दिपालीने टरफल नखाने बारीक बारीक केलं.

“थांब, थांब!” रुचिकाचा आवाज एकदम बदलला, अहिराणीवर आला. “हेमकांत, पोर रडी ऱ्हायनी तुन्ही!”

दिपाली मधल्या खोलीतून धावत मागे गेली. काजल रडून लालबुंद झाली होती, आवाज बसला होता. झोळीजवळच्या फोनवर आता वेगळी चौकट होती: ‘बॅटरी वाचवण्यासाठी अॅप झोपवले आहे.’

तिला खांद्यावर घेऊन ती बाहेर आली तेव्हा हेमकांत ओशाळून उभा होता. पडद्यावर रुचिका घाईघाईने ओढणी छातीवर ओढून घेत होती. तरी कुर्त्यावरचा ओला डाग दिपालीला दिसलाच.

“तुम्हाला बाळ आहे, मॅडम?”

“भाग्येश. पाच महिन्यांचा. नंदुरबारला आईकडे असतो.” रुचिका कसनुसं हसली. “कुणाचंही रडलं तरी असं होतं. तो शहाणा आहे पण. सकाळपासून हूं की चूं नाही. आईच्या फोनवर अॅप टाकून दिलंय ना, मला इथे पुण्यात सगळं ऐकू येतं.”

“कोणतं अॅप?”

रुचिकाने नाव सांगितलं. काजलच्या झोळीजवळच्या फोनवर तेच होतं. काजलच्या पाठीवर थोपटणारा दिपालीचा हात थांबला. तिने हेमकांतला बाजूला सारलं आणि पडद्यासमोर वाकली.

“रुचिका, मीटिंग राहू दे. आईले फोन लाव पहिले,” ती म्हणाली. “देख, तुन्हा पोऱ्या काय करी ऱ्हायना.”